पेटीवरचे हात

"मग लोक गात का नाहीत, ते तरी सांगा!"

इनास मास्तरांनी पुन्हा तेच विचारलं. फादर पास्कोल बुटक्या स्टुलावर बसून केळीच्या आळ्यातली माती खुरप्यानं भुसभुशीत करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी तुमच्याशी बोलतोय, फादर."

"ऐकतोय. कान शाबूत आहेत माझे. गुडघे गेलेत."

मास्तर पायरीवर बसले, उठले, पुन्हा बसले.

वसईकडच्या या गावात चर्चचं गायनमंडळ आधी मास्तरांच्या वडिलांच्या हातात होतं आणि वडिलांनंतर त्यांच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर त्यांना दुसरा उद्योगच उरला नव्हता. फादर पास्कोलही निवृत्त. गुडघ्यांमुळे वेदीच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणून चर्चमागच्या दोन खोल्यांत राहायचे, परसात खुडबुड करायचे आणि रविवारी वेदीखाली एका बाजूला वेताच्या खुर्चीत बसून मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, ऐकायचे. गावात ज्याची मती चालेनाशी होई तो त्यांच्याकडे येई, आणि आला होता त्याहून जास्त वैतागून परत जाई.

मास्तर तर आले होते तेच वैतागून.

"मिस्सा म्हणजे काय सिनेमा आहे? येतात, बसतात, बघतात, जातात. अर्धे पुरुष बाहेर चिंचेखाली उभे. प्रवचन सुरू झालं की बाहेर, ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली की आत. आणि जे आत असतात त्यांची तोंडं शिवलेली! प्रतिसाद द्या म्हटलं की असे पुटपुटतात, जसं काही पोलिसानं नाव विचारलंय."

"हं."

"काय करायचं बाकी ठेवलंय मी? सोप्या चाली बसवल्या. अवघड चाली बसवल्या. पडद्यावर शब्द दाखवले. मिस्सेच्या आधी लोकांना गाणी शिकवायला घेतली, तर म्हाताऱ्या म्हणाल्या, मास्तर, आमची रोजरीची माळ जपायची राहिलीय, जरा गप्प बसा. मला! गप्प बसा!"

फादरांचे खांदे जरासे हलले.

"हसा. तुम्हीही हसा. सण तोंडावर आलाय, बिशप येणार आहेत. तेवढा सण उरकतो आणि सोडतो हे सगळं. पेटी वडिलांची आहे. उचलून घरी नेतो आणि माळ्यावर टाकतो. मग बसा म्हणावं पुटपुटत."

खुरपं थांबलं.

"घरी कोण आहे पेटी ऐकायला?"

घरी कोणी नव्हतं. बायको गेली होती, मुलगी लग्न होऊन परदेशात होती. कुंपणापलीकडे धाकटा भाऊ राहत होता, पण तो असून नसल्यासारखा. पेटी गेली की रविवारसुद्धा इतर दिवसांसारखाच रिकामा होणार, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते फादरांकडे आले होते. पण हे कबूल करायला जीभ उचलत नव्हती.

"राग कोणाचा येतो तुला?" फादरांनी विचारलं.

"सगळ्यांचाच."

"सगळ्यांचा कोणाला येत नसतो. एक तोंड सांग."

मास्तरांनी पायरीवरची माती चपलेनं खरवडली.

"कैतान."

"तुझा भाऊ."

"नावाला. डावीकडच्या पुढच्या बाकावर बसतो, बरोब्बर माझ्यासमोर. आख्ख्या पंचक्रोशीत तसा खर्ज नाही कोणाचा, फादर. वडील आम्हा दोघांना बावखलाच्या काठावर उभं करायचे. ते झाडांना पाणी लावायचे आणि आम्ही गायचो. मी वरचा सूर, तो खालचा. चुकलो की वडील ओंजळभर पाणी उडवायचे अंगावर. आणि आता तो तिथे बसतो तोंडाला कुलूप लावून. मुद्दाम! मला खिजवायला!"

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. तिकडच्या वाड्या त्याच पाण्यावर वाढल्या. मास्तरांच्या वडिलांचं बावखल दोन्ही भावांच्या सामाईक जागेत होतं. मास्तर मुलीकडे परदेशी गेले असताना कैताननं भावाला न विचारता त्यात डंपरनं राडारोडा ओतून घेतला. तिथे चाळ बांधून खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या त्याला. चाळ काही झाली नाही, परवानगीच मिळाली नाही. आता तिथे विटांचे तुकडे होते आणि त्यांतून वर आलेलं रान. मास्तर परतले, त्यांनी ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून दोघा भावांत अवाक्षर नाही.

फादरांनी खुरपं आळ्यात खोचलं.

"चल, मिस्सा म्हणू."

"आत्ता?"

"मी फादर. तू लोक."

"तुम्ही फादरच आहात."

"मग अर्धं काम झालं. ऊठ."

ते स्वतः केळीच्या बुंध्याला धरून उठले. उठताना दोनदा खाली बसले. मास्तर हात द्यायला गेले तर त्यांनी तो झिडकारला.

"प्रभूची शांती सदैव तुम्हांबरोबर असो," फादर म्हणाले.

"एकदम इथूनच? सुरुवात कुठे गेली?"

"गुडघे बघ माझे. सगळी मिस्सा उभं राहायचं का मी? प्रतिसाद दे."

"आणि तुमच्या आत्म्याबरोबर असो," मास्तर नाइलाजानं म्हणाले.

"एकमेकांना शांती द्या."

चर्चमध्ये हे शब्द आले की गावातले लोक शेजाऱ्याकडे वळतात, हात जोडतात, मान लववतात. फादरांनी तसेच हात जोडले. बोटांना ओली माती होती. ते मास्तरांकडे बघत जरासे वाकले.

मास्तरांनी डोळे मिटले. बोटं आपोआप मांडीवर चालायला लागली. "हे परमेश्वराच्या कोकरा..." शांतीनंतर येणाऱ्या गाण्याचा त्यांनी सूर धरला. सूर छान लागला होता. गेल्या वर्षी त्यांनी स्वतः बांधलेली चाल होती ती, आणि दुसऱ्या ओळीतली हरकत तर त्यांची खास लाडकी. ती नीट घेऊन त्यांनी डोळे उघडले.

फादर तसेच उभे होते. हात जोडलेले, मान लवलेली. गुडघे लटलटत होते.

मास्तर थांबले.

"काय झालं? चुकलं का कुठे?"

...

"फादर, बसा आता. पडाल."

...

"अहो, हात खाली घ्या ना!"

"घेतले असते," फादर तसेच वाकून म्हणाले, "समोरून कोणी जोडले असते तर."

मास्तरांनी घाईघाईनं हात जोडले. फादर हुश्श करून स्टुलावर बसले.

"दर रविवारी असंच करतोस तू. लोकांच्या माना वळतात न वळतात तोच पेटी सुरू."

"करावंच लागतं!" मास्तर उसळले. "नाहीतर बाजार भरतो तिथे. मागे काय वळतात, हसतात काय, बाया तर चौकशाच सुरू करतात. काय गं, बरी आहेस का, सून आली का माहेराहून. मिस्सेचा पार विचका! म्हणून मी लगेच पेटी धरतो. मग सगळे पुन्हा गपगुमान समोर बघतात."

"सगळे नाही."

"कोण नाही?"

"मला त्या खुर्चीतून वेदी नीट दिसत नाही. तोंडं दिसतात. एक माणूस दर रविवारी हात जोडून पेटीकडे वळतो. पेटी सुरू होते. तो हात खाली घेतो... आणि बसतो."

परसात कोंबडी ओरडत होती. मास्तरांना तिचाही राग आला.

"माझे हात पेटीवर असतात, फादर."

"हो ना."

"एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. जोडणार कुठून?"

"हो ना," फादर म्हणाले.

मास्तर उभे राहिले. त्यांचा आवाज चढला. "आणि त्यानं बावखल बुजवलं, त्याचं काय? मला न विचारता? वडिलांनी हातानं बांधलेल्या पायऱ्या होत्या तिथे. त्यांच्यावर राडारोडा ओतला त्यानं. आणि वर हात जोडतो?"

"वाईट केलं त्यानं."

"वाईट? घोर केलं!"

"घोर केलं. तुझं बरोबर आहे."

मास्तर फादरांशी भांडायच्या तयारीनं उभे होते. फादर असे एका झटक्यात कबूल झाले, तेव्हा भांडणाला जागाच उरली नाही. मास्तरांना वाटलं, या माणसाकडे येण्यापेक्षा विहिरीत तोंड घालून ओरडलेलं बरं, निदान आपलंच ऐकू तरी येतं.

"मग मी करू काय?"

"काही करू नकोस. या रविवारी कोकराचं गाणं तू सुरू करू नकोस. मी करीन."

"तुम्ही?"

मास्तर खरोखर घाबरले. फादर पास्कोल देवमाणूस होते हे सगळ्या गावाला मान्य होतं, आणि त्यांना सूर नव्हता हेही. ते वेदीवर होते तेव्हा त्यांच्या गायनानं मागच्या बाकावरची पोरं हमखास जागी होत.

"फादर, सण तोंडावर आहे. लोक काय म्हणतील?"

"लोक कुठे काय म्हणतात? तूच सांगितलंस ना, तोंडं शिवलेली आहेत." फादरांनी खुरपं उचललं. "शब्द दे."

मास्तरांनी शब्द दिला, आणि फाटक आपटून निघून गेले.

रविवारी मिस्सा नेहमीसारखीच चालली. लोक पुटपुटले. प्रवचन सुरू होताच पुरुष चिंचेखाली गेले. मास्तरांनी पेटीवर बोटं ठेवली होती, पण मन थाऱ्यावर नव्हतं. शेवटी ती वेळ आली. वेदीवरचे धर्मगुरू म्हणाले, "एकमेकांना शांती द्या."

माना वळल्या. हात जोडले गेले. मग बाजार भरला. काय गं, खोकला थांबला का. मोठा कधी येतोय. मास्तर दात आवळून बसले.

त्यांनी वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. फादरांनी डोळे मिटले होते.

बाजार हळूहळू ओसरला. लोक समोर वळले. चर्चमध्ये कोणाचं तरी तान्हं कुरकुरलं, तेवढाच आवाज. वेदीवरच्या धर्मगुरूंनी भाकर हातात घेतली आणि पेटीकडे नजर टाकली. गाणं यायला हवं होतं. गायनमंडळातली फिलोमिना मास्तरांना कोपरानं ढोसायला लागली.

मास्तर खाकरले. फादर ढिम्म.

झोपला की काय हा म्हातारा! मास्तरांच्या कपाळावर घाम आला. शब्द दिला होता म्हणून, नाहीतर त्यांनी कधीच पेटी धरली असती. आता बघायचं तरी कुठे? एरवी या वेळी ते पेटीच्या पट्ट्यांकडे बघत. आज पट्ट्यांवर बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी मान वर केली.

समोर कैतान उभा होता, हात जोडून.

केस सगळे पांढरे झाले होते त्याचे. हे कधी झालं? कुंपणाच्या पलीकडे राहणारा माणूस, आणि आपल्याला पत्ता नाही. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं. जोडलेले हात थेट वडिलांचे होते, तसाच वाकडा अंगठा. एरवी पेटी वाजली की ते हात खाली जात. आज पेटी वाजत नव्हती, आणि कैतानलाही आता हात खाली घेता येईनात. तो अवघडून तसाच उभा होता. मास्तरांना एकदम कळलं की आपला भाऊसुद्धा मेल्याहून मेल्यासारखा झालाय, आणि तरीही हात खाली घेत नाहीये.

मास्तरांचा भात्यावरचा हात सुटला. सुटता सुटता एक पट्टी बोटाखाली दाबली गेली, तिचा बारीक सूर उमटला आणि विझून गेला. त्यांनी दुसराही हात उचलला.

मग त्यांनी हात जोडले. मान लववताना ती मध्येच अडकली, पण लवली.

आणि त्याच क्षणी वेताच्या खुर्चीतून, कुठल्या पट्टीत ते देवच जाणे, आवाज आला, "हे परमेश्वराच्या कोकरा..."

फिलोमिनानं पदरात तोंड लपवलं. मास्तरांनी झटकन पेटी ओढली आणि फादरांची पट्टी शोधायला लागले. ती पेटीत नव्हतीच. दुसऱ्या शब्दाला फादर वर गेले, तिसऱ्याला घसरले, चौथ्याला दम लागून थांबले. चर्चमध्ये ती ओळ अर्धीच लोंबकळत राहिली.

ती पुढच्या बाकावरून कोणीतरी उचलली.

खर्ज होता, पण गंजलेला. पहिल्याच शब्दाला फाटला. कैताननं घसा साफ केला आणि पुन्हा धरला. चाल मास्तरांची नव्हती. जुनी, वडिलांची होती. ती म्हाताऱ्यांना येत होती. फादरांची दया येऊन असेल, नाहीतर लाज वाटून, एक म्हातारी गायला लागली, मग तिची शेजारीण, मग मागचा बाक. चिंचेखालचे पुरुष काय गोंधळ चाललाय ते बघायला दारात आले, आणि दारात उभं राहून नुसतं बघणं बरं दिसेना, म्हणून त्यांनीही तोंडं उघडली. सूर कोणाचा कोणाला लागत नव्हता. मास्तरांना वरचा सूर द्यायचा होता, पण त्यांना काही गाता आलं नाही. पेटीसुद्धा चुकली.

दुपार व्हायच्या आत मास्तर फादरांच्या परसात हजर.

"कसली ती पट्टी, फादर! आणि किती उशीर! झोपला होतात का तुम्ही?"

"लोक गायले?"

"गायले. तुम्हाला सावरायला गायले! गाणं कसलं, नुसता गलका. माझ्या चालीचं तर कोणी नावसुद्धा घेतलं नाही."

"हं." फादर मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते. "कैतान?"

"भेटला बाहेर. म्हणाला, तुझी पेटी बेसूर झालीय. मी म्हटलं, तुझा गळा बेसूर झालाय."

"मग?"

"मग काय? चहाला ये म्हणाला."

"गेलास?"

"निघालो होतो." मास्तर पायरीवर बसले. बसल्या बसल्या त्यांचा आवाज पुन्हा चढायला लागला. "पण त्याच्या घरच्या वाटेवर ते बावखल लागतं ना! ते दिसलं आणि पाय उचलेना. तिथूनच मागे फिरलो. तुम्ही म्हणालात तसं केलं मी. हात जोडले, शांती दिली. दिली ना? म्हणून काय ते पाण्यानं भरलं? दगड, माती, विटा, सगळं तसंच आहे तिथे. पायऱ्या खालीच गाडलेल्या आहेत. हात जोडून काय होतं, फादर? बुजवलंय ते बुजवलंच आहे! त्याचं काय करू मी, ते सांगा!"

फादरांनी तांब्या खाली ठेवला. भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं, त्याला चिकटलेली माती पायरीवर आपटून झाडली आणि ते मास्तरांच्या हातात दिलं.

मास्तर फावड्याकडे बघत राहिले.

"हे काय? एवढा राडारोडा मी एकटा उपसू? या वयात?"

फादर खोलीत गेले. आत बराच वेळ खडखड झाली, काहीतरी पडलं, फादर कोणावर तरी करवादले. मग ते लंगडत बाहेर आले. त्यांच्या हातात आणखी एक फावडं होतं, दांड्याला जाळ्या लागलेलं. ते त्यांनी मास्तरांच्या दुसऱ्या हातात कोंबलं. मास्तरांचे दोन्ही हात भरले.

"फादर..."

"आधी चहाला जा, इनास."